पनीरचा पुरावा

खारघरजवळच्या ओवे गावच्या डोंगरालगतच्या वाडीत महिन्याच्या महिन्याला पगार मिळणारा गोमा हा पहिलाच. बाकीचे सगळे वीटभट्टीवर नाहीतर बांधकामावर, आज काम आहे तर उद्या नाही. गोमा पाच वर्षं तळोज्याला शैलेश शेठच्या डेअरीच्या गोदामात हमाली करत होता आणि ती नोकरी जिवापाड जपत होता. अंगात ताप असला तरी पठ्ठ्या कामावर हजर.

मी विम्याचा सर्व्हेअर. लोकांचा नासका माल हुंगायचा आणि कंपनीला अहवाल द्यायचा, हा माझा धंदा. मे महिन्यात एका रविवारी, सुट्टीच्या दिवशी, शेठचं मोठं फ्रीझर बंद पडलं. सोमवारी मी जाऊन पनीर हुंगलं. चांगलं होतं. मी शेठला स्पष्ट सांगितलं, "माल नासल्याचा पुरावा द्या, नाहीतर क्लेम विसरा."

"कसला पुरावा? सगळं टाकूनच द्यायचंय आता," शेठ खेकसला.

हे गोमाने ऐकलं. टाकून द्यायच्या वस्तूला मालक कसला, असा त्याचा सरळ हिशेब. त्याने एक पाकीट घरी नेलं. बायकोने, साळूने, ते मंगळवारी बाजारातून मसाला आणून रांधलं. तोवर पनीर एक रात्र आणि एक दिवस घराच्या तापलेल्या पत्र्याखाली पडून होतं. सहा वर्षांच्या माधुरीने सगळ्यात जास्त खाल्लं आणि बुधवारी तिला उलट्या सुरू झाल्या.

गोमाने रडत शेठला फोन केला, पनीर घरी नेल्याचंही सांगून टाकलं. शेठ स्वतः गाडी घेऊन वाडीत गेला. एरवी हमालाला गाडीला हातही लावू न देणारा हा माणूस! पोरीला पनवेलच्या दवाखान्यात दाखल केलं आणि लगेच मला बोलावून घेतलं.

"हा घ्या तुमचा पुरावा," तो म्हणाला. हसत होता मेला.

पनीर कुठे नासलं ते मला कळत होतं. पण शेठने माझीही सोय केली. मी सलाइन लावलेल्या पोरीचा फोटो काढला. शेठने माल वाटला असं दिसलं असतं तर क्लेम अडला असता. म्हणून गोमाच्या जबाबाचा मजकूर मीच सांगितला : पनीरचे पाकीट मी चोरून नेले. पोरीच्या उपचाराचा कागद समजून गोमाने अंगठा दिला. वर शेठच्या पायाही पडला.

क्लेम पास झाला. कागदावर चोर ठरलेल्या गोमाला त्याच आठवड्यात काढलं. तळोज्यात आता त्याला कोणी दारात उभं करत नाही.

परवा खारघरच्या मजूर नाक्यावर तो दिसला. मी मान फिरवली, तरी हाक मारत आला. माधुरी बरी आहे म्हणाला.

"कामावरून काढला शेठनी, पन पोर वाचवली माजी. तुमीबी धावून आले, साहेब. इसरनार नाय."

त्याने माझे दोन्ही हात धरले. मी ते धरू दिले.