काका, स्टँड!

शिलाई मशीन दुरुस्त करणाऱ्या काकांचं खरं नाव त्यांच्या बायकोला आणि बँकेला सोडून कुणालाच ठाऊक नव्हतं. बाकी सगळ्यांसाठी ते स्टँडकाका. हे नाव त्यांनी स्वतःच्या कर्तबगारीवर मिळवलं होतं.

त्याचं असं होतं, की काकांना कुणाचाही निरोप पटकन घेता येत नसे. मशीन टकटक चालायला लागायचं, पाने-पेचकस डब्यात जायचे, डबा मोटारसायकलच्या मागे बांधला जायचा, आणि मग खऱ्या गप्पांना रंग चढायचा. गाडी चालू करून, मान मागे वळवून ते दारातल्या बाईंना सांगत राहायचे, "तेल पातळच घाला हं. स्वयंपाकातलं घालू नका. मागे एकीनं घातलं, तर सुई अशी चिकटून बसली..." त्या एकीची कहाणी संपायच्या आत गाडी निघालेली असायची. बाजूचा स्टँड तसाच खाली, लोंबकळत.

मग रस्त्याला कंठ फुटायचा. भाजीवाली मावशी पालेभाजीवर पाणी मारता मारता ओरडायची, "काका, स्टँड!" चौकातला पोलीस तोंडातली शिट्टी काढून ओरडायचा. शाळा सुटलेली असली तर पोरं एका सुरात ओरडायची आणि पुढच्या गल्लीपर्यंत मागे पळत यायची. काका हात वर करून सगळ्यांचे आभार मानत जायचे, निवडून आलेल्या पुढाऱ्यासारखे. या आभारप्रदर्शनाच्या गडबडीत स्टँड वर घ्यायचं कधीकधी राहूनच जायचं.

त्यांची बायको हाडांच्या दवाखान्यात नर्स होती. प्लॅस्टरची खोली तिच्या ताब्यात. सगळे तिला सिस्टर म्हणत, आणि काकाही जरा घाबरलेले असले की सिस्टरच म्हणत.

"अहो, आज स्टँडवाले दोन आले होते," ती घरात शिरता शिरता सांगायची. "एकाचं मनगट, एकाचा खांदा. डावीकडे वळले, स्टँड रस्त्याला टेकला, गाडीनं उचलून फेकलं. तुमचं माप घेऊन ठेवू का?"

"मला सांगायला अख्खं गाव आहे," काका म्हणायचे.

"गाव ओरडेल. वळण थोडंच ऐकणार आहे?"

आणि वळणानं ऐकलं नाही. गादीवाल्याच्या दुकानापाशी रस्ता डावीकडे वळतो, तिथे एका दुपारी स्टँड खडीत रुतला, मागचं चाक उडालं आणि काका हवेतून थेट दुकानापुढच्या पिंजलेल्या कापसाच्या ढिगात जाऊन पडले. कमरेपर्यंत आत गेले. गादीवाल्यानं पाय धरून ओढून काढलं, तेव्हा भुवयांसकट पांढरे झालेले काका त्याला म्हणाले, "माल चांगला आहे हो तुमचा."

अंगावर ओरखडाही नव्हता. त्यामुळे शहाणपण येण्याचा प्रश्नच उद्भवला नाही. उलट पुढे ते हा किस्सा घरोघर सांगत फिरले, तोही गाडी चालू ठेवून. गादीवाल्यानं मात्र त्या दिवसापासून कापूस दुकानाच्या आत ठेवायला सुरुवात केली.

सिस्टर भांडली नाही. आठवड्याभरात तिनं जुनी गाडी परस्पर विकून टाकली आणि दारात नवी आणून उभी केली. किल्ली काकांच्या हातात देताना ती इतकी गोड हसली, की त्यांना तेव्हाच संशय यायला हवा होता.

दुसऱ्या दिवशी काका पहिल्या कामावरून निघाले. गाडी चालू झाली. गप्पा झाल्या. गियर टाकला. गाडी बंद. पुन्हा चालू केली, पुन्हा गियर, पुन्हा बंद. काकांनी पेट्रोल पाहिलं, प्लग काढून फुंकला, बॅटरीवर थाप मारली. शेवटी घामाघूम होऊन ढकलत घरी आणली.

"नवी कोरी गाडी, आणि गियर टाकला की मरते!"

सिस्टर हात पुसत बाहेर आली. "असं कसं होईल?" ती म्हणाली. गाडीवर बसता बसता तिनं पायानं स्टँड हळूच मागे सारला, गाडी चालू केली, गियर टाकला आणि एक गोल चक्कर मारून आली. "नीट बोला तुम्ही तिच्याशी, मग ऐकेल की."

हे तीन-चारदा झालं. सुईतला केसभर फरकही ओळखणारा माणूस, पण गाडीशी खरंच हळू आवाजात बोलायला लागला. भाजीवाल्या मावशीनं त्यांना एकदा टाकीवरून हात फिरवत "चल गं राणी" म्हणताना पाहिलं आणि ती बातमी जुड्यांबरोबर वाटून टाकली.

पण कारागीर तो कारागीर. एका रविवारी सिस्टर कामावर असताना काकांनी गाडीखाली सतरंजी अंथरली आणि आडवे झाले. स्टँडच्या बिजागरीपाशी सुपारीएवढी काळी डबी दिसली, तिच्यातून दोन वायरी वर गेलेल्या. स्टँड खाली, गियर टाकला, गाडी बंद. स्टँड वर, गियर टाकला, गाडी चालू. काका सतरंजीवर पडल्या पडल्या मोठ्यानं हसले. मग त्यांना राग आला. आणि मग, खरं सांगायचं तर, थोडं वाईट वाटलं.

कारण नवी गाडी आल्यापासून रस्ता मुका झाला होता. स्टँड वर केल्याशिवाय गाडी हलतच नव्हती, त्यामुळे कुणाला ओरडायचं कारणच उरलं नव्हतं. मावशी नुसती मान हलवायची. पोलिसानं तर एकदा त्यांना ओळखलंच नाही. काकांना आपल्याच रस्त्यावर पाहुण्यासारखं वाटू लागलं होतं.

त्यांनी डबीच्या दोन्ही वायरी कापल्या, टोकं सोलून एकमेकांना पीळ दिला आणि वर काळी चिकटपट्टी गुंडाळली. संध्याकाळी स्टँड खाली ठेवून एक फेरी मारली, फक्त सरळ रस्त्यानं. "काका, स्टँड!" मावशी किंचाळली. काकांचे डोळे भरून आले.

ही गोष्ट सिस्टरला सांगायची का? बायकोनं आपल्याला पंधरा दिवस गाडीशी गुलुगुलु बोलायला लावलं होतं. काकांनी ठरवलं, आपणही मूग गिळून बसायचं. फिटंफाट.

पुढच्याच आठवड्यात सिस्टरच्या दवाखान्याची बस चुकली. तिनं खुंटीवरची किल्ली उचलली. "मी गाडी नेते हो!" म्हणत ती बाहेर पडली. काका आत दाढी करत होते.

सिस्टर आयुष्यात कधी स्टँड विसरली नव्हती. पण ती घाईत होती, आणि शिवाय ही गाडी स्टँड खाली असताना हलणारच नाही याची तिला पक्की खात्री होती. तिनंच तर निवडून आणली होती. गाडी हलली. म्हणजे स्टँड वर आहे. इतका सरळ हिशेब.

"सिस्टर, स्टँड!" मावशी ओरडली.

सिस्टरनं जळजळीत कटाक्ष टाकला. नवऱ्याचं टोपणनाव आता बायकोला चिकटवता काय? पुढे चौकात पोलिसानं शिट्टी काढली, "स्टँड! सिस्टर, स्टँड!" तिनं मान झटकली. माणसाला कामाला जातानाही चिडवायचं सोडत नाहीत! शाळेची पोरं तर टाळ्या पिटून "स्टँड, स्टँड" करत मागे धावली, आणि संतापाच्या भरात तिनं गाडी आणखी जोरात पिटाळली.

आरडाओरडा काकांच्या कानावर गेला. आधी ते खूश झाले. मग त्यांच्या लक्षात आलं, की आपण तर घरात आहोत. खुंटीकडे पाहिलं. किल्ली नाही. अर्ध्या गालावर साबण, गळ्यात टॉवेल, पायात काही नाही, असे काका रस्त्यावर धावत सुटले.

"अगं, स्टँड! सिस्टर! स्टँऽऽड!"

तिनं आरशात पाहिलं. आता हेही! तिनं नाक मुरडलं आणि गादीवाल्यापाशी डावीकडे वळली.

कापूस दुकानाच्या आत होता.

काका धापा टाकत पोचले, तेव्हा सिस्टर रस्त्यावर बसलेली होती, उजव्या हातानं डावं मनगट धरून. गाडी शेजारी आडवी पडलेली, स्टँड सताड बाहेर, आणि मागचं चाक अजून गरगर फिरत होतं. सिस्टर त्या चाकाकडे एकटक बघत होती. मग तिनं हळूहळू मान वर करून नवऱ्याकडे पाहिलं.

"स्टँड खाली आहे," ती अगदी शांतपणे म्हणाली. "गियर पडलेला आहे. मग इंजिन चालू कसं?"

काका साबणासकट उभे.

"वायर कुठं जोडलीत?"

"बिजागरीच्या वर," काका पुटपुटले. "चिकटपट्टी लावून. व्यवस्थित."

"व्यवस्थित," सिस्टर म्हणाली. गादीवाल्यानं तोंडावर हात धरला. बघायला जमलेल्या सगळ्यांनी आपापली नजर इकडेतिकडे वळवली.

मनगटाला बारीक चीर होती. तिच्याच खोलीत, तिनंच शिकवलेल्या मुलीनं प्लॅस्टर घातलं, आणि सिस्टर शेवटपर्यंत सूचना देत राहिली. काका कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून होते. एका गालावर वाळलेला साबण, पण सांगायची कुणाची हिंमत झाली नाही. पोरगी बाहेर गेल्यावर ते म्हणाले, "चूक माझी. तुला काही झालं असतं तर..."

"झालंय की," सिस्टर म्हणाली. मग ती खालच्या आवाजात म्हणाली, "मीही सांगायला हवं होतं. ते गाडीशी बोलायचं मात्र... अहो, दवाखान्यात मी सगळ्यांना सांगितलंय." आणि ती हसायला लागली, हात दुखत असतानाही, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

काकांनी त्याच दुपारी चिकटपट्टी सोडवली आणि डबी पुन्हा जोडली, या वेळी सिस्टरला शेजारी खुर्ची टाकून बसवून. तिनं स्टँड खाली ठेवून गियर टाकायला लावला, गाडी मरते का पाहायला. मेली. पुन्हा टाकायला लावला. पुन्हा मेली. तिसऱ्यांदा तिला नुसती मजा बघायची होती.

डावा हात गळ्यात अडकलेला, त्यामुळे तिची वेणी घालायचं काम काकांकडे आलं. पहिल्या दिवशी ती वेणी नव्हती, दोरखंड होता, आणि दवाखान्यातल्या बायकांनी तो रांग लावून पाहिला. पण मशीनच्या दोऱ्यांत आयुष्य गेलेला माणूस होता. प्लॅस्टर निघायच्या सुमारास त्यांना चार पदरी वेणी जमू लागली. प्लॅस्टर निघालं, हात बरा झाला, तरी सिस्टर सकाळी कंगवा घेऊन त्यांच्यापुढे पाठ करून बसते. "मनगट अजून जरा धरतं हो," असं म्हणते. आणि काका, तोंडात आकडे धरावे लागत असल्यामुळे, तेवढा वेळ एक शब्दही बोलू शकत नाहीत.