रिपोर्टातले दोन कॉमा

हे मी अजून कुणाजवळ बोललेले नाही. आईजवळ नाही, नवऱ्याजवळही नाही. त्याला वाटतं, मला कंपनीत कायम केलं ते माझ्या चांगल्या इंग्रजीमुळे. खरंच आहे ते — आणि म्हणूनच त्याला सांगायची हिंमत झाली नाही.

मी लातूरकडची. डिप्लोमा करून चाकणच्या एका कंपनीत सेफ्टी विभागात ट्रेनी म्हणून लागले. मराठी शाळेत शिकलेली. इंग्रजी शब्द यायचे, पण विरामचिन्हं? माझ्या मेलमध्ये कॉमा मिठासारखे पडायचे — अंदाजाने. एकदा मॅनेजरने माझा मेल मीटिंगमध्ये मोठ्याने वाचून दाखवला, एका दमात, कुठेही न थांबता. सगळे हसले. मीही हसले. दुसरं काय करणार?

त्या दुपारी कॅन्टीनमध्ये दत्ताभाऊ माझ्यासमोर येऊन बसले. प्रेस मशीनवरचे ऑपरेटर, जवळच्याच कुरुळी गावचे, चाळिशीतले. बाहेरून परीक्षा देऊन इंग्रजीत बी.ए. झालेले — हे मला तेव्हा कळलं. मास्तर व्हायचं राहून गेलं होतं त्यांचं.

"तो मेल द्या बरं हिकडं, ताई." त्यांनी खिशातलं पेन काढलं. "कॉमा म्हंजी दम खायची जागा न्हाई. कोण बोलतंय आन कुणाबद्दल बोलतंय, त्ये त्याच्यावरनं कळतं."

मग रोज जेवणाच्या सुट्टीत वीस मिनिटं. पूर्णविराम कुठे, अवतरणाच्या आत काय, बाहेर काय, मालकी दाखवायला अक्षराच्या डोक्यावर ती बारकी शेपटी कधी द्यायची. तीच चूक मी दहा वेळा केली तरी ते चिडले नाहीत. सहा महिन्यांत माझे मेल वाचून कुणी हसेना. उलट मॅनेजर इतरांचं लिखाण माझ्याकडे तपासायला पाठवू लागला.

हे सगळं कशाला सांगतेय? उशीर करतेय — कळतंय मला.

अपघात झाला त्या आठवड्यात ऑर्डरची घाई होती. प्रेसमध्ये हात जाऊ नये म्हणून पुढे एक जाळी असते, तिला गार्ड म्हणतात. ती नसली की काम भराभर उरकतं. शिफ्टच्या सुपरवायझरने ती स्वतःच्या हाताने काढून ठेवली. त्याच दुपारी दत्ताभाऊंच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली.

दवाखान्यात जबाब घ्यायला मीच गेले. बँडेजचा हात उशीवर ठेवून ते म्हणाले, "जाळी सायबांनीच काढली, ताई." सही करायच्या अवस्थेत ते नव्हते. म्हणजे मी लिहीन तोच त्यांचा जबाब. परत येऊन मी इंग्रजीत रिपोर्ट लिहिला. त्यातलं महत्त्वाचं वाक्य असं होतं — द ऑपरेटर सेड द सुपरवायझर रिमूव्ह्ड द गार्ड. ऑपरेटर म्हणाला की जाळी सुपरवायझरने काढली. सरळ, आणि खरं.

संध्याकाळी सुपरवायझर माझ्या टेबलापाशी आला. आवाज चढवला नाही. "मॅडम, पुढच्या महिन्यात तुमचं परमनंटचं आहे ना? तेवढा रिपोर्ट एकदा नीट बघून घ्या." एवढंच. काय बदलायचं ते त्याने सांगितलं नाही. त्याला ते जमलंही नसतं. मला जमत होतं.

मी एक शब्दसुद्धा बदलला नाही. 'ऑपरेटर'च्या पुढे एक कॉमा टाकला, 'सुपरवायझर'च्या पुढे एक. द ऑपरेटर, सेड द सुपरवायझर, रिमूव्ह्ड द गार्ड. आता बोलणारा सुपरवायझर झाला आणि जाळी काढणारे दत्ताभाऊ. हे लिहिताना लाज वाटते, पण क्षणभर ऐट वाटली. किती सफाईने जमलं म्हणून.

चौकशीत दत्ताभाऊ तोंडाने खरं तेच सांगत राहिले. पण कागद माझा होता. त्यांचाच निष्काळजीपणा ठरला आणि नोकरी गेली. मी कायम झाले.

नंतर ते आपले कागद न्यायला आले. माझ्यासमोर बसून रिपोर्ट वाचू लागले, डाव्या हाताचं बोट ओळीखालून सरकवत. बोट थांबलं.

"ताई, ह्ये दोन कॉमा चुकून पडल्यात बगा. अर्थच फिरला की समदा. तुमी न्हाई घातलं ह्ये, मला म्हाईत हाय. कुणी टाईप केलं?"

"ऑफिसात पुन्हा टाईप झालं होतं, भाऊ. तिकडेच झालं असेल."

"मग येवडं दुरुस्त करून घ्या. तुमचं ऐकत्यात त्ये."

"बघते," मी म्हणाले.

बघितलं नाही. त्यांचा फोन आला तेव्हा मी म्हणाले, वर पाठवलंय. पुन्हा आला तेव्हा म्हणाले, "खूप भांडले हो भाऊ, ऐकतच नाहीत." भांडले? कुणाशी? मी कुणाजवळ चकार शब्द काढला नव्हता. त्यानंतर त्यांनी फोन केला नाही.

याला नऊ वर्षं झाली. तो सुपरवायझर दोनच वर्षांत कंपनी सोडून गेला. म्हणजे भ्यायला कुणी उरलं नव्हतं. मग तरी का गप्प बसले? कारण शोधायला बसले की सापडतात, बरीच सापडतात. इथे एकही लिहीत नाही.

गेल्या महिन्यात आळंदीला एका लग्नात दत्ताभाऊ भेटले. पुनावळ्यातल्या एका सोसायटीच्या गेटवर असतात आता. मला पाहून त्यांना आनंद झाला. बायकोला हाक मारून म्हणाले, "अगं, ह्याच त्या मॅडम. माज्यासाठी सायबांसंगं लय भांडल्या हुत्या."

त्या बाईंनी माझे दोन्ही हात हातात घेतले. डोळे भरून आले होते त्यांचे. पंगतीत मला आपल्या शेजारी बसवलं. वाढपी पुढे निघून गेला तशी स्वतःच्या पानातली जिलबी उचलून माझ्या पानात ठेवली.

मी ती खाल्ली.