दादाचं सगळं नॉर्मल!

आमच्या आचारी टोळीत भांडी घासून संपतील, पण किस्से संपायचे नाहीत! त्यातले निम्मे माझ्या थोरल्या भावाचे. दादा जाऊन अजून महिनाही झाला नाही. तरी टेम्पोत चौघं बसलो की कुणीतरी सुरू करतंच!

* * *

दादाचं वजन शंभराच्या वर. पारनेरच्या लग्नात नवरदेवाचा मामा म्हणाला, "आचारीबुवा, वऱ्हाडाला पन ठिवा थोडं!"

दादा म्हणाला, "पाव्हनं, आचारी वाळका असता तर जेवला असता का तुमी?"

मामाने तिथंच आपल्या पोरीच्या लग्नाच्या जेवणाची सुपारी दिली!

* * *

गावात तपासणी शिबिर होतं. डॉक्टर म्हणाले, "सकाळी उपाशी पोटी या." दादा साबुदाण्याची खिचडी हाणून हजर!

"अहो, उपाशी सांगितलं होतं!"

"उपासाचंच खाल्लंय की! शेंगदाण्याचं कूट पन घरचं हाय!"

दुसऱ्या दिवशी परत बोलावलं.

* * *

रिपोर्ट आले. दादाची शुगर, बीपी, रक्तातली चरबी, सगळं नॉर्मल! आणि आमचा वाढपी गण्या, निव्वळ काडी, त्याला शुगर निघाली!

गण्या भडकला. "साहेब, बाटल्या बदलल्या! ह्याचं रगत माझ्या नावावर घातलं!"

परत तपासलं. तेच!

त्या दिवशी दादाने गण्याच्या ताटातली जिलेबी उचलली. "दे इकडं. तुझ्यासाठी एवढी जोखीम मी घेतो!"

* * *

डॉक्टर दादाला म्हणाले होते, "आज चांगलं आहे, म्हणून कायम राहील असं नाही. वजन उतरवा, दरवर्षी तपासा. टेम्पोचं पासिंग करता ना?"

"टेम्पो जुना हाय साहेब, मी न्हाई!"

आम्ही लई हसलो. दादा परत कधी तपासायला गेला नाही. पाच वर्षांनी श्रीगोंद्याच्या लग्नात, कढईपाशीच, छातीत कळ आली. दवाखान्यात पोचेपर्यंत संपलं होतं. गण्या मात्र गोळ्या घेतो, रोज चालतो आणि दादाचं पातेलं आता तोच उचलतो.

* * *

मी पण दादाच्याच अंगापिंडाचा. परवा आईने मला धरून दवाखान्यात नेलं. रिपोर्ट येईपर्यंत ती पाणीसुद्धा प्यायली नाही.

डॉक्टर हसले. "काळजी नको, सगळं नॉर्मल आहे."

मी खुर्चीवरून उडालोच! "बघ आई! बघ! म्हनलं हुतं ना!"

आईने माझ्याकडे पाहिलंही नाही. पदर सावरून डॉक्टरांना म्हणाली, "थोरल्याचं बी नॉर्मलच हुतं, साहेब. पुढली तारीख द्या."