उसनी फुलं

"माजं काय नाय. सगलं शासनाचं हाय."

कुणी फुलांचं कौतुक केलं की काका एवढंच म्हणायचे आणि कानाची पाळी ओढायचे. गोव्याकडे जाताना पळस्पे सोडलं की डाव्या हाताला रोपवाटिका लागतात, तुम्ही पाहिल्या असतील. त्यातली एक माझी. तिच्या मागे काकांचं जरबेराच्या फुलांचं पॉलिहाऊस होतं, लोखंडी सांगाड्यावर प्लास्टिक ताणलेलं, अनुदानातून उभं राहिलेलं. गावाने जमिनी विकून गाड्या घेतल्या, काकांनी फुलं लावली. लोक त्यांना खुळ्यात काढायचे.

एका प्रशिक्षण संस्थेचे साहेब फळाफुलांचा धंदा शिकायला आलेल्यांना गाडीत भरून काकांकडे आणत. काका त्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालत. नफा होतो का, असं कुणी विचारलं की म्हणत, "बायकोला इचारा. ती हसली तर समजा झाला."

मग एका वादळात प्लास्टिक फाटलं आणि झाडं कुजली. पुन्हा अनुदान मिळणार नव्हतं. पण पाहुण्यांची गाडी ठरलेली होती आणि साहेबांचा फोन आला, "एवढी भेट निभावून न्या."

काका माझ्याकडे आले. बराच वेळ जास्वंदीची पानं उलटीसुलटी करून बघत राहिले.

"पोरा, जरबेराच्या कुंड्या देशील? सांजला परत आनतो."

पुढच्या भागावर नवं प्लास्टिक चढवून आम्ही दोघांनी कुंड्या वाफ्यांत काठापर्यंत पुरल्या आणि वरून माती सारखी केली. मला गंमत वाटत होती. काका माझ्या नजरेला नजर देत नव्हते. पुढे तो रिवाजच पडला. गाडी येणार म्हटलं की माझ्या कुंड्या मागच्या शेतात जायच्या.

अशाच एका भेटीत पनवेलच्या बँकेत काम करणारी एक मुलगी दुसऱ्यांदा आली होती. तिने वाकून काकांच्या पायांना हात लावला.

"काका, मागच्या वेळी तुमची फुलं बघितली आणि ठरवूनच टाकलं. उरणजवळ आमची जमीन आहे. उद्या राजीनामा देतेय."

काका मागे सरकले. क्षणभर साहेबांकडे बघितलं, मग वाफ्यात हात घालून कुंडीच उपसून काढली.

"बाय, ही फुलं माजी नाय. माजी कवाच मेली. तू नोकरी सोडू नको."

साहेब मोबाईलमध्ये डोकं घालून उभे राहिले. कुणीतरी विचारलं, "मग कुंड्या कुणाच्या?"

कुंडीवर माझ्या रोपवाटिकेचं नाव रंगवलेलं होतं आणि मी तिथेच दारात उभा होतो. काकांनी मातीने माखलेला पंजा त्या नावावर घट्ट दाबला. "बाजारातून आनल्या," ते म्हणाले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, तरी माझं तोंड उघडलं नाही.

त्यानंतर गाडी आली नाही. काकांनी सांगाडा मोडून विकला आणि जासईच्या कंटेनर यार्डात राखणीला लागले. गावात ते कुणाच्या लग्नालासुद्धा जात नाहीत. सुट्टीला तेवढे माझ्याकडे येतात, रोपांना पाणी घालतात आणि जातात.

परवा ते पाणी घालत असताना ती मुलगी दारात आली. नोकरी सांभाळून तिने थोडा मोगरा लावलाय. हातात रुमालात बांधलेली फुलं होती.

"त्या काकांचा पत्ता द्याल? पहिल्या तोडणीची फुलं त्यांना द्यायचीत. त्या दिवशी ते बोलले नसते तर मी पार बुडाले असते."

मी मागे बघितलं. पाण्याची नळी जमिनीवर वाहत पडली होती. सुपारीच्या रोपांआड काका उकिडवे बसले होते आणि मला मानेने नको, नको म्हणत होते.

"इथे नाहीत ते," मी म्हणालो.

ती फाटकाबाहेर जाईपर्यंत ते तसेच बसून राहिले. खरं तर तिथे मी बसायला हवं होतं.