वरचा सूर

बाई आमच्या संगीत नाटकात नायिकेचं काम करायच्या आणि मी ऑर्गन वाजवायचो. नाहूरहून रिक्षाने थिएटरवर येताना त्या कोणाशी बोलत नसत, गळा राखायचा म्हणून. मेकअपच्या वेळी काही विचारलं, तर हातानेच हो-नाही सांगायच्या. एन्ट्रीआधी मात्र विंगेतून मला म्हणायच्या, "आज पट्टी जरा खाली घे रे. दमलेय." हे 'आज' हल्ली प्रत्येक प्रयोगाला यायचं.

परवा मुलुंडला दुपारच्या प्रयोगात वरच्या सुरावर त्यांचा आवाज फाटला. मी ऑर्गनवर तो सूर धरून ठेवला, पण बाई गप्पच. मग मैत्रिणीचं काम करणाऱ्या मुलीला त्यांनी हाताला धरून पुढे आणलं आणि नाटकातलंच वाक्य असल्यासारखं म्हणाल्या, "माझ्या मनातलं तूच सांग गं त्यांना." मुलगी बावरली, पण गायली. वन्समोअर मिळाला. टाळ्या थांबेपर्यंत बाई मागे हसतमुख उभ्या होत्या.

पडदा पडल्यावर त्या तिथेच कपड्यांच्या पेटीवर टेकल्या.

"दिग्दर्शकाला सांग, पुढच्या प्रयोगापासून नायिका हीच करेल. मला आईचं काम दे म्हणावं."

"बाई, आईलाही एक पद आहे," मी म्हटलं.

"तेही काढायला सांग," त्या म्हणाल्या आणि तोंडाचा रंग पुसायला लागल्या.