पुलावरचं पाणी

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिला तर मी नको त्या गोष्टीही सांगत आलो आहे.

देवानंद आणि मी भद्रावतीला एकाच कारखान्यात होतो, वसाहतीत समोरासमोर राहायचो. तो निवृत्त झाला तेव्हा शाल, श्रीफळ आणि भरपूर कंटाळा असा समारंभ झाला. भाषण माझं होतं. चार पुस्तकं वाचलेल्या माणसाच्या हाती माइक दिला की होतं तेच झालं. ‘आता आम्ही दोघं मासेमारीच्या मोहिमेवर निघणार — ट्राऊटपासून मागूरपर्यंत!’ टाळ्या पडल्या. मागूर आमच्या गढूळ नदी-नाल्यांतला, पण ट्राऊट हा बर्फाळ पाण्यातला मासा. आमच्याकडे मे महिन्यात नळाच्या पाण्यानेही अंग भाजतं. खाली उतरलो तर देवानंद म्हणाला, “ट्राऊट इथी कुठी भेटते गा? फ्रिजात?”

पण मोहीम त्याने मनावर घेतली. आणि पुढे थोड्याच दिवसांत त्याला लकवा मारला. उजवी बाजू गेली, बोलणं जड झालं. थट्टा तेवढी राहिली.

वसाहत सोडून तो गावात राहायला गेला होता; मी दर रविवारी तिकडे जाऊ लागलो. आजाऱ्यापुढे बोलायचं काय? मी मोहिमेचा विषय काढला. भिंतीवर नकाशा लावला — गोंडपिपरी, पुढे आष्टीला वैनगंगेचा पूल, मग अहेरी, मग प्राणहितेचा काठ. मागूर कुठे लागेल, गळाला गांडूळ लावायचं की कोंबडीचं आतडं... ट्राऊटचं काय, हे तो दर वेळी विचारायचा आणि दर वेळी हसायचा. ते हसणं ऐकायला वहिनी दारात येऊन उभ्या राहायच्या. मी स्वतःवर खूश होतो. औषधापेक्षा स्वस्त, शिवाय पुण्य.

जायचं मात्र माझ्या मनात कधीच नव्हतं — हे मी आधीच सांगायला हवं होतं का?

पोळा झाला आणि त्याने खरंच ठरवलं. पुतण्याची गाडी, मागे गादी, अहेरीला साळ्याकडे मुक्काम.

“तू फक्त संग चाल,” म्हणाला. “मले काठावर बसवून दे. बाकी मी पाहून घेतो.”

बसवून दे. म्हणजे उचलायचं. वाटेत लुंगी ओली झाली की बदलायची, पुसायचं, धुवायचं. पुतण्या गाडी चालवणार — हे कुणाकडे येणार? वहिनी हे सगळं करायच्या तेव्हा मी खिडकीबाहेर बघायचो. मला किळस यायची. भीती नव्हे, कंबरदुखी नव्हे — किळस. दुसरा शब्द शोधून पाहिला. शब्दांची मला कधी कमतरता नव्हती.

निघायच्या सकाळी मी फोन केला. आष्टीच्या पुलावर पाणी आहे, म्हटलं. रस्ता बंद आहे.

पलीकडून तो म्हणाला, “बरं.”

रविवारी गेलो तर त्याचा साळा पलंगाशी बसलेला. पाहुणे येत नाहीत म्हणून त्याच दिवशी तोच निघाला होता — अहेरीहून एसटीने, त्याच पुलावरून, पिशवीत मागूर घेऊन. बिचारा उत्साहाने सांगत होता, “एकदम सुकी सडक होती ना भाऊ! पानी कुठी होतं?”

वहिनी उठून आत गेल्या. देवानंद नकाशाकडे बघत होता. मग त्याने विचारलं, “पुलावरचं पानी उतरलं का गा?”

तेव्हा सांगता आलं असतं. मी म्हणालो, “नाही अजून.”

त्यानंतर त्याने ट्राऊटचं कधी विचारलं नाही. दर रविवारी तेवढंच विचारायचा. टोमणा होता? की मला वाट करून देत होता — निघायची, किंवा कबूल करायची? हिवाळा गेला. उन्हाळ्यात वैनगंगेची वाळू उघडी पडली, त्या वाळूत टरबुजं पिकली. त्यातलंच एक मी त्याच्यासाठी घेऊन गेलो. वहिनींनी फोड भरवली. हनुवटीवरून रस ओघळत असताना तो म्हणाला, “पानी उतरलं का गा?”

“नाही अजून,” मी म्हणालो.

मृगाआधीच तो गेला. त्याला उचलायला सगळ्यांत पुढे मी होतो. तेव्हा किळस आली नाही.