अर्धं शटर

त्या कोपऱ्यावर एकूण दहा दुकानं. सात केव्हाच बंद पडलेली, आणि उरलेल्या तिघांत घड्याळवाले काका म्हणजे सगळ्यांत जुनं खोड. आता सगळा कोपरा पाडून तिथे खाली दुकानं, वर घरं अशी मोठी इमारत उठणार होती. ज्याचं दुकान चालू, त्याला नव्या इमारतीत गाळा, असा नियम. यादी भिंतीवर लागली आणि काकांच्या दुकानापुढे शेरा होता, 'बंद'.

काकांनी तो शेरा दोनदा वाचला. चूक म्हटली तर त्यांचीच. रस्त्याची धूळ घड्याळात जाऊ नये म्हणून ते तीस वर्षं शटर अर्धंच वर करून काम करत. गिऱ्हाईक वाकून आत यायचं. 'माझ्याकडे भलेभले मान तुकवून येतात,' अशी फुशारकीही काका मारत. चालू दुकानं मोजायला आलेल्या इंजिनिअरबाईंनी रस्त्यावरूनच अर्धं शटर पाहिलं आणि त्या पुढे गेल्या. फुशारकी अशी अंगाशी आली.

त्यांच्या ऑफिसात चार खेटे घातल्यावर बाई म्हणाल्या, गुरुवारी अकराला पुन्हा येऊ, पण शटर पूर्ण वर हवं, आणि ही शेवटची खेप.

तेव्हापासून काकांना गुरुवारचाच घोर लागला. साठी उलटलेली, दुसरं काम ठाऊक नाही. गाळा गेला तर या हातांचं करायचं काय?

"अहो, शटरच वर करायचंय, डोंगर नाही उचलायचा," काकू म्हणाल्या.

गुरुवारी सकाळी दोघांनी मिळून शटर ढकललं. नेहमीच्या जागी येऊन ते थांबलं ते थांबलंच. तीस वर्षांत ते त्याच्या वर कधी गेलंच नव्हतं. वरचा भाग गंजून बसला होता. तेल झालं, हातोडा झाला. शटरही मालकासारखंच हट्टी. अकराला दहा कमी असताना काकू वेल्डरला आणायला धावल्या.

काका आत एकटे. शटरखालून रस्त्यावरचे फक्त पाय दिसत होते. बरोबर अकराला सँडलचे दोन आणि बुटांचे दोन पाय समोर येऊन थांबले.

"मॅडम, हे बंदच आहे," बूटवाला म्हणाला.

काकांनी हाक मारायला तोंड उघडलं, पण भीतीने आवाजच फुटेना. उठून, वाकून बाहेर जायला वेळ नव्हता. सँडल वळल्या. टेबलावर दुरुस्त केलेली गजराची घड्याळं होती. काकांनी एकाचा काटा फिरवला. मग दुसऱ्याचा, मग तिसऱ्याचा. एकच कल्लोळ उठला.

सँडल थबकल्या. शटरखाली आधी वही दिसली, मग चष्मा.

"आत कोणी आहे का?"

"आहे," काका कसेबसे म्हणाले. "काम चालू आहे. जरा वाकून या."

बाई वाकून आत आल्या. त्यांनी टेबल पाहिलं, काकांच्या हातातलं घड्याळ पाहिलं, आणि वहीतल्या 'बंद'वर काट मारली. काकांना ते दिसलंच नाही. त्यांनी डोळे घट्ट मिटून घेतले होते, आणि तिन्ही घड्याळं वाजतच होती.